मुलीच्या ताब्याचा कागद: बॉण्डपासून कोर्टाच्या हुकमापर्यंत

जून २०१९ मध्ये मी आणि माझ्या मुलीचे वडील वेगळे झालो, तेव्हा आमच्यातली भांडणे संपून गेली होती आणि दोघेही थकलो होतो. मुलगी सहा वर्षांची होती. मी बेळगावात शहापूरला माहेरी राहायला आले आणि ते नोकरीच्या गावी, कोल्हापुरात राहिले. कोर्टात न जाता समजुतीने मिटवायचे, असे दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले. त्याप्रमाणे ई-स्टॅम्पच्या कागदावर एक करारपत्र टाइप झाले, नोटरीचा शिक्का बसला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आमच्याकडे अशा कागदाला ‘बॉण्ड’ म्हणतात आणि एकदा बॉण्ड झाला की विषय संपला, अशी सर्वांची समजूत असते. माझीही तीच समजूत होती.

त्या बॉण्डमध्ये मुलीविषयी एकूण दोन वाक्ये होती. ‘मुलगी आईजवळ राहील व वडिलांना सोयीनुसार भेटता येईल. शाळेच्या सुट्टीत मुलगी वडिलांकडे जाईल.’ भांडी, दागिने, गॅसचे कनेक्शन आणि लग्नात दिलेले कपाट यांची यादी मात्र पाऊण पान भरली होती. आज तो कागद वाचताना मला याचीच अधिक लाज वाटते की कपाटाचा रंगही आम्ही नोंदवला होता, पण मुलगी सुट्टीला गेली तर ती परत कोणत्या दिवशी येणार, हे लिहावे असे आम्हा सहा-सात शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकालाही सुचले नाही.

माझे मामा त्या बैठकीत होते. मी एकदा भीत भीत वकिलाचे नाव काढले, तेव्हा ते म्हणाले, “अगं, आपल्याच माणसांत कोर्ट कशाला? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात सोयरिकी जशा राज्याची हद्द न पाहता होतात, तशीच फारकतही अनेक घरांत पंचांसमोर होते, आणि पंचांचा शब्द मोडणाऱ्याला पूर्वी गावात तोंड दाखवायला जागा नसे. परंतु तो धाक आता उरलेला नाही. माणसे नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला जातात, पंच म्हातारे होतात, आणि मूल मात्र पुढची दहा-बारा वर्षे दोन घरांच्या मधे उभे असते.

पहिले वर्ष बरे गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि भेटी आपोआप थांबल्या. इथे मला माझी चूकही सांगितली पाहिजे. त्या वर्षाच्या अखेरीस रस्ते खुले झाले होते, मुलीच्या वडिलांनी तीन वेळा तिला पाठवण्याविषयी फोन केला आणि तिन्ही वेळा मी काही ना काही कारण काढून नकार दिला. खरे कारण हे होते की ठरलेली रक्कम पाच महिने आली नव्हती आणि मला त्याचा राग होता. पैसे थकले म्हणून भेट अडवायची, हे मला तेव्हा न्यायाचे वाटले. कायद्याच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढे कळले. थकलेली पोटगी वसूल करण्याची वाट निराळी आहे आणि मुलाला बापाची भेट मिळणे हा पोटगीच्या बदल्यात द्यायचा माल नव्हे. मी जे केले त्याने मुलीचे नुकसान झाले आणि पुढच्या वर्षी जे घडले त्याची पायाभरणीही झाली.

एप्रिल २०२१ मध्ये मुलगी सुट्टीला कोल्हापूरला गेली. त्या दिवसांत महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांकडे कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर चाचणीचा दाखला मागत होते, लवकरच दोन्ही राज्यांत कडक निर्बंध आले, आणि मे महिना ‘आता कुठे आणतेस तिला’ या बोलण्यात गेला. जूनमध्ये वर्ग ऑनलाइनच होते, म्हणून मीही फार ताणले नाही. जुलैमध्ये मुलीनेच फोनवर सांगितले की तिचे नाव तिथल्या शाळेत घातले आहे. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. ही तरतूद मुलांच्या भल्याची आहे, पण त्यामुळे माझ्या सहीवाचून हे होऊ शकले. मी त्यांना फोन केला, बॉण्डची आठवण दिली. ते शांतपणे म्हणाले, “कागदात परत पाठवायची तारीख कुठे लिहिली आहे, दाखव.” मी कागद काढून पाहिला. तारीख नव्हतीच.

ऑगस्टमध्ये मी तो बॉण्ड घेऊन पोलिसांकडे गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, हा कागद तुम्हा दोघांतला आहे. कोर्टाचा हुकूम आणा, मग आम्हाला काही करता येईल.” मला तेव्हा तो टोलवाटोलवीचा प्रकार वाटला. तो तसा नव्हता. बाप हा मुलाचा कायद्याने पालकच असतो, त्याच्या घरी मूल राहणे हा सामान्यतः गुन्हा ठरत नाही, आणि नोटरीचा शिक्का फक्त एवढेच सांगतो की अमुक माणसांनी अमुक दिवशी या सह्या केल्या. त्या सह्यांमागे अंमलबजावणी करणारी कोणतीही सत्ता उभी नसते.

वकिलांनी नंतर मला हे अधिक नीट समजावले. जमीन विकायचा करार मोडला तर कोर्टात तो करार पुढे करता येतो, पण मूल ही आईबापांनी आपसांत वाटून घेण्याची वस्तू नाही. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ याचे कलम १३ म्हणते की पालक ठरवताना मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार असेल. त्यामुळे आईबापांनी खासगीत काहीही लिहून ठेवले तरी कोर्ट त्याला बांधलेले नसते. ते मुलाच्या हिताचा प्रश्न स्वतः नव्याने पाहते. खासगी कागद अगदी निरुपयोगी असतो असेही नाही. वेगळे झाल्यावर मूल कोणाजवळ राहत होते आणि ते दोघांनी कसे मान्य केले होते, याचा पुरावा म्हणून माझा बॉण्ड पुढे कामाला आला. पण पुरावा आणि हुकूम यांत जे अंतर आहे, त्यातून जाताना माझे दहा महिने गेले.

त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असा नैसर्गिक पालकांचा क्रम दिलेला आहे, आणि पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईजवळ राहील असेही म्हटले आहे. आमच्याकडे अनेक स्त्रिया या ‘त्याच्यानंतर’ शब्दाने घाबरून गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात त्या शब्दाचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच घ्यायचा नाही, तो ‘बापाच्या अनुपस्थितीत’ असाही घ्यायचा, असे स्पष्ट केले आहे. उलट बाजूने, मूल पाच वर्षांचे झाले की बापाचा हक्क आपोआप सुरू होतो, हीही चुकीची समजूत आहे. दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांनी ‘पाच वर्षे’ हा आकडा घोकून ठेवलेला असतो, पण मुलाचे कल्याण या कसोटीपुढे त्या आकड्याचे महत्त्व मर्यादित आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये मी बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयात पालक व पाल्य कायदा, १८९० खाली अर्ज दाखल केला. पहिलाच अडसर हद्दीचा आला. त्या कायद्याचे कलम ९ सांगते की अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. मुलीच्या वडिलांच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, पहिला मुद्दा हाच होता की मुलगी कोल्हापुरात राहते, कोल्हापूरच्या शाळेत शिकते, तेव्हा बेळगावच्या कोर्टाला अधिकारच नाही. आमचे म्हणणे असे की सुट्टीसाठी गेलेले मूल परत न पाठवता तिथेच ठेवले म्हणून त्याचे नेहमीचे घर बदलत नाही. तिची बेळगावच्या शाळेची हजेरी, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि तो बॉण्ड आम्ही हजर केला. मार्च २०२२ मध्ये निर्णय आमच्या बाजूने लागला, पण तोवर मुलगी जवळजवळ वर्षभर तिथे राहिली होती. सीमाभागातल्या जोडप्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. एक पालक बेळगावात आणि दुसरा कोल्हापुरात, सांगलीत किंवा सावंतवाडीत असेल, तर ‘कोणत्या कोर्टात’ या प्रश्नावरच मुलाचे एक शैक्षणिक वर्ष जाऊ शकते. गोडीगुलाबी असतानाच एका कोर्टाचा हुकूम घेऊन ठेवला, तर हा वाद निम्मा आधीच मिटतो.

‘कर्नाटकातल्या कोर्टाचा कागद महाराष्ट्रात कोण विचारतो?’ हे वाक्य मी त्या काळात निदान वीस वेळा ऐकले असेल. सीमाप्रश्नाने आमच्या मनात हद्दीची रेघ इतकी खोल कोरली आहे की कायद्यालाही ती तशीच लागू असेल असे आम्ही धरून चालतो. तसे नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६१ प्रमाणे भारतातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निर्णय किंवा आदेश देशात कुठेही, कायद्याने ठरवलेल्या रीतीने, अमलात आणता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ प्रमाणे हुकूमनामा देणारे न्यायालय तो दुसऱ्या न्यायालयाकडे, म्हणजे हुकूम मोडणारा माणूस जिथे राहतो तिथल्या न्यायालयाकडे, अंमलबजावणीसाठी पाठवू शकते. बेळगावचा हुकूम कोल्हापुरात चालतो. मात्र त्यासाठी तो मुळात हुकूम असावा लागतो.

कोणी मला थेट उच्च न्यायालयात जाऊन हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा ठेवून घेतलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा, अर्ज करायला सांगितले होते. आम्हा बेळगावकरांसाठी ते धारवाडचे खंडपीठ. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेजस्विनी गौड यांच्या प्रकरणात हा मार्ग मुलाच्या ताब्यासाठीही खुला असल्याचे मान्य केले, पण मुलाला ठेवून घेणे बेकायदा असेल किंवा त्यामागे कोणताही अधिकार नसेल तेव्हाच, आणि नेहमीचा मार्ग पालकत्वाच्या कायद्याचाच, असेही सांगितले. माझ्या हातात आधीचा हुकूम नव्हता आणि समोर मुलीचा बापच होता, म्हणून वकिलांनी तो मार्ग धरला नाही.

हद्दीचा प्रश्न सुटल्यावर कोर्टाने पालक व पाल्य कायद्याच्या कलम १२ खाली अंतरिम भेटीचा आदेश दिला. पहिली भेट कोर्टाच्या आवारातच होती, चन्नम्मा चौकाजवळ, शनिवारी सकाळी अकरा ते एक. मुलगी नऊ वर्षांची झाली होती. ती माझ्याकडे आली आणि हळूच विचारले, “आई, तू मला पैशांसाठी भेटू देत नव्हतीस का?” हे तिला कोणी सांगितले हा प्रश्न मी त्या दिवशी मनात दाबला, कारण सांगितलेले पुरते खोटेही नव्हते. कोर्टात जाऊन जिंकायचे, या हट्टातून मी बाहेर पडले ती त्या दोन तासांत.

एप्रिलमध्ये आम्ही मेडिएशनला तयार झालो. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ याच्या कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्यच आहे. पाच बैठका झाल्या. मध्यस्थ बाईंनी पहिल्याच बैठकीत आमचा जुना बॉण्ड मागवला, ‘सोयीनुसार’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारले, “कोणाच्या सोयीनुसार?” नंतर त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले आहे. हुकूमनामा अमलात आणणारे न्यायालय त्या हुकूमनाम्याच्या शब्दांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यात जे लिहिले नाही ते ते नव्याने घालू शकत नाही. म्हणून ‘वाजवी वेळी’, ‘दोघांच्या संमतीने’, ‘सुट्टीत’ असे शब्द असलेली तडजोड कोर्टाच्या शिक्क्यानंतरही अर्धी लंगडीच राहते. वार, वेळ, ठिकाण, आणणारा माणूस आणि परत येण्याची घटका लिहिलेली असेल, तरच ती मोडली की नाही हे कोणालाही ठरवता येते.

मसुदा इंग्रजीत होता, कोर्टाचे बाकी कामकाज कन्नडमध्ये. माझे कन्नड रोजच्या व्यवहारापुरते आहे, त्यांचे तेवढेही नाही. मी आग्रह धरून प्रत्येक कलम मराठीत लिहून घेतले आणि आम्ही दोघांनी ते मोठ्याने वाचले. हे काम दोन तासांचे होते, पण त्यातूनच सर्वांत मोठी चूक हाती लागली.

ती चूक सुट्टीची होती. मसुद्यात ‘दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग वडिलांकडे’ असे लिहिले होते. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यात काही खटकणार नाही, कारण महाराष्ट्रात सहामाहीनंतरची मोठी सुट्टी दिवाळीला असते. कर्नाटकात ती दसऱ्याला असते. दिवाळीला शाळा मोजके दिवस बंद असतात. उन्हाळ्याचेही तसेच. आमच्या शाळा एप्रिलमध्येच सुटतात आणि मेअखेर किंवा जूनच्या आरंभी भरतात, महाराष्ट्रातल्या शाळा मे महिन्याच्या सुमारास सुटून जूनच्या मध्याला भरतात. ‘१५ जूनला परत’ असे लिहिले असते, तर मुलीचे दरवर्षी पहिले पंधरा दिवस बुडाले असते आणि त्याला कोर्टाचीच मान्यता मिळाली असती. आम्ही कलम बदलून घेतले: मुलगी ज्या शाळेत शिकते त्या शाळेने जाहीर केलेल्या वेळापत्रकाप्रमाणे दसऱ्याच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग आणि उन्हाळी सुट्टीचे पहिले तीस दिवस वडिलांकडे, आणि शाळा सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मुलगी बेळगावच्या घरी परत. सीमाभागातल्या कोणत्याही जोडप्याला मी हे एक कलम शब्दशः घ्यायला सांगेन.

योगायोगाने हे दोघांच्याही मनासारखे झाले. नवरात्रात मुलीला कोल्हापूरची अंबाबाई आणि दसरा चौकातले सीमोल्लंघन पाहायचे असते, आणि दिवाळीत तिला बेळगाव सोडवत नाही, कारण आमच्या गल्लीत पोरे दिवाळीला किल्ला करतात आणि मातीत सर्वांत आधी हात घालणारी तीच असते.

ताबा देण्याघेण्याचे ठिकाण म्हणून आम्ही निपाणीचे बसस्थानक ठरवले. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी दहा, रविवारी संध्याकाळी सहाला त्याच जागी परत. मुलीला आणायला आम्ही दोघे, अथवा माझा भाऊ आणि त्यांची बहीण, एवढ्याच चौघांनी यायचे. आणि एसटीचा भरवसा कोणी धरू नये, हे आम्हाला सीमाभागात राहून ठाऊक होते, म्हणून पुढचेही लिहिले: दोन्ही राज्यांमधील बसगाड्या बंद असतील तर वडील स्वखर्चाने खासगी वाहनाने निपाणीपर्यंत येतील, सरकारी आदेशाने हद्दच बंद असेल तर त्या दिवसांत रोज संध्याकाळी साडेसातला अर्धा तास व्हिडिओ कॉल होईल आणि बुडालेले दिवस पुढच्या साठ दिवसांत भरून दिले जातील. मध्यस्थ बाई म्हणाल्या की असे कलम त्यांनी पूर्वी कधी लिहिले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर तणाव वाढून बससेवा थांबली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा ते ठरलेल्या शनिवारी गाडीने निपाणीला आले. आम्हा दोघांना एकमेकांना फोनही करावा लागला नाही.

व्हिडिओ कॉलचे कलम नेहमीच्या आठवड्यांसाठीही आहे, मंगळवार, गुरुवार आणि रविवार. जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आईबाप वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असतील तेव्हा प्रत्यक्ष भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्कही मुलाच्या वाढीसाठी महत्त्वाचा आहे. आमच्या मध्यस्थ बाईंनी तो निर्णय मुलीच्या वडिलांसमोर ठेवला आणि माझ्यासमोरही, कारण फोन ‘चार्जिंगला आहे’ असे सांगण्याची सवय मला लागली होती.

पोटगीचे कलम भेटीच्या कलमापासून मुद्दाम तोडून लिहिले आहे: एकाचा भंग झाला म्हणून दुसरे थांबवता येणार नाही. शाळा बदलणे, मोठी शस्त्रक्रिया आणि पासपोर्ट यांना दोघांची लेखी संमती लागेल, तातडीच्या उपचारासाठी मूल ज्याच्याजवळ असेल त्याने निर्णय घ्यावा, असेही त्यात आहे.

आता एका अशा फटीविषयी सांगते जी फार थोड्यांना दिसते. तडजोडीत आम्ही परस्पर संमतीच्या घटस्फोटाचाही अर्ज केला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली. त्यात पहिला अर्ज आणि दुसरा जबाब यांच्यात सहा महिने जावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येईल असे ठरवले, पण ती माफी प्रत्येकाला मिळतेच असे नाही. या मधल्या काळात कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो. मुलाच्या ताब्याच्या अटी फक्त त्या अर्जातच लिहिलेल्या असतील, तर संमती मागे घेतली की त्या अटीही वाऱ्यावर सुटतात. आमच्या वकिलांनी म्हणून दोन गोष्टी केल्या. पालकत्वाच्या अर्जात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे तडजोड नोंदवून स्वतंत्र हुकूमनामा घेतला आणि दोघांकडून अटी पाळण्याचे हमीपत्र कोर्टात दिले. ज्यांचा पालकत्वाचा वेगळा अर्ज नसेल त्यांना घटस्फोटाच्या कामातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा अंतरिम आदेश मागता येतो, आणि तो पहिल्याच दिवशी मागावा. आमचा घटस्फोट जानेवारी २०२३ मध्ये झाला. मुलगी मात्र जून २०२२ मध्येच, शाळेचा पहिला आठवडा संपण्याच्या आत, घरी आली होती.

तडजोड नोंदवण्यापूर्वी न्यायाधीशांनी मुलीला आपल्या खोलीत एकटीला बोलावले. मूल समजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर ती विचारात घेता येते, असे १८९० च्या कायद्यातच आहे. ती शाळेत कन्नड शिकते, त्यामुळे दुभाष्या लागला नाही. बाहेर आल्यावर मी काही विचारले नाही. बसमध्ये तिनेच सांगितले, “मी म्हटलो, दोन्ही घरं माझीच आहेत, पण शाळा एकच पाहिजे.”

हुकूम मोडला तर काय होते, हे प्रत्येकाने सही करण्याआधी समजून घ्यावे. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. त्यासाठी जो अर्ज करायचा त्याला दरखास्त म्हणतात. जाणूनबुजून आदेश मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, त्याला दिवाणी कैदेतही ठेवता येते. कोर्टाला दिलेली हमी मुद्दाम मोडणे हा न्यायालयाचा अवमान ठरतो. १९७१ च्या कायद्याप्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि ती तक्रार वर्षाच्या आत व्हावी लागते. हे सारे वापरावे लागू नये, अशीच माझी इच्छा आहे. २०२३ च्या दसऱ्यात मुलगी ठरल्या दिवशी परत आली नाही. मी त्यांना एका ओळीचा संदेश पाठवला, त्यात फक्त हुकूमनाम्यातल्या कलमाचा क्रमांक आणि त्यातली वेळ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी होती. दोन वर्षांपूर्वी हेच सांगायला मी पोलीस, पंच, मामा, त्यांचे थोरले भाऊ अशा सगळ्यांचे उंबरे झिजवले होते.

घटस्फोट नको, पण वेगळे राहायचे आहे, अशी आमच्या भागात पुष्कळ घरे आहेत. त्यांनाही हा मार्ग बंद नाही. पालक व पाल्य कायद्याखालच्या अर्जाला घटस्फोट झालेला असावा लागत नाही, आणि तो कायदा मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांनाही खुला आहे. खर्चाची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मला हे उशिरा कळले.

ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब यांच्या खटल्यात सांगितले आहे. आमची मुलगी आता मोठी होते आहे. तिसऱ्या शनिवारी तिचा कबड्डीचा सराव असतो आणि तो तिला चुकवायचा नाही. पूर्वी असते तर आम्ही फोनवर ‘बघू, सोयीने करू’ म्हणालो असतो. या वेळी तिच्या वडिलांनी आपण होऊन सुचवले की तिसऱ्याऐवजी चौथा शनिवार धरू आणि दोघांच्या सहीने अर्ज देऊन तेवढी दुरुस्ती करून घेऊ. मसुदा वकिलांकडे गेला आहे. आम्ही तो याही वेळी आधी मराठीत लिहिला, आणि मुलीने तो वाचून वेळेच्या जागी सकाळी दहाऐवजी साडेदहा असे स्वतःच्या अक्षरात घातले.